बेनिडॉर्मला नोव्हेंबरात काय असतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी सहज म्हणून लिहिलं होतं, की स्पेनमधल्या बेनिडॉर्मला आम्ही तीन वर्षं राहिलो आणि तिथल्या गावच्या उत्सवाची आठवण दर नोव्हेंबरात येतेच येते. त्या एका ओळीवर इतके मेल आणि मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, काही एकमेकांत मिसळलेत, समजून घ्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं रिटायर्ड आहोत, कोथरूडला राहतो. मुलगा नोकरीनिमित्त व्हॅलेन्सियाला असतो, नोव्हेंबरात त्याच्याकडे जातोय आणि तो चार दिवस बेनिडॉर्मला नेतो म्हणतोय. इथल्या एका टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, तिथे बीच आणि हॉटेलं सोडून काही नाही आणि नोव्हेंबरात तर गाव ओस पडलेलं असतं. जावं की नको?

काका, जा. नक्की जा, आणि जमलं तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारच्या आसपासचेच चार दिवस धरा.

टूरवाल्याचं हॉटेलांबद्दलचं म्हणणं खरंय. समुद्रावरून बघितलं तर गाव दिसतच नाही, नुसत्या उंच इमारतींची रांग दिसते, त्यातलं ग्रान हॉटेल बाली तर एकटंच १८६ मीटर उंच आहे. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी हे मासेमारांचं आणि खलाशांचं गाव होतं, मग पेद्रो सारागोसा नावाचे मेयर आले, १९५६ मध्ये गावाचा नवा आराखडा मंजूर झाला आणि पन्नास वर्षांत त्याचं हे असं रूप झालं. बिकिनीला परवानगी दिली म्हणून गदारोळ झाला तेव्हा हे मेयर व्हेस्पावर बसून माद्रिदला थेट स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याला भेटायला गेले, ही गोष्ट ते स्वतः सांगायचे आणि आजही गावात ती कौतुकानं सांगतात.

पण दोन मोठे बीच आहेत ना, एक लेवांते आणि एक पोनियेंते, म्हणजे उगवतीचा आणि मावळतीचा, त्या दोघांच्या मधे एक खडकाचं टोक समुद्रात घुसलंय आणि त्या खडकावर जुनं गाव आहे. निळ्या कौलांचे घुमट असलेलं सान खाइमेचं, म्हणजे संत जेम्सचं चर्च, पांढरी घरं, आणि आपल्या कसब्यातल्या बोळांसारखे बोळ, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला टेकायचं. आम्ही तिथेच एका आजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. तिथे राहिल्यावर कळतं की हॉटेलांच्या त्या सगळ्या रांगेच्या आत एक गाव अजून जिवंत आहे आणि ते आपले सण टूरिस्टांसाठी करत नाही, स्वतःसाठी करतं. टूरिस्ट कमी झाले की करतं. म्हणून नोव्हेंबर.

गोष्ट अशी सांगतात, १७४० सालच्या मार्चमध्ये किनाऱ्यापासून काही अंतरावर एक जहाज भरकटत येताना दिसलं, त्यावर माणूस कोणी नाही. लोकांनी ते ओढून आणलं. पण तेव्हा प्लेगची भीती, बिनमाणसांचं जहाज म्हणजे त्यावरची माणसं रोगानं गेली असणार, म्हणून ते जाळून टाका असा हुकूम आला. जाळलं. आणि नंतर राखेत पोरांना मेरीमातेची मूर्ती सापडली, तिला काही झालेलं नव्हतं. तीच गावाची देवी झाली, व्हर्जिन देल सुफ्राखियो. तिच्यासाठी आणि सान खाइमेसाठी हा उत्सव असतो, रविवार देवीचा आणि सोमवार सान खाइमेचा, पण एकंदर पाच दिवस चालतो. आता मूर्ती सापडली मार्चमध्ये आणि उत्सव नोव्हेंबरात का, तर जुने लोक सांगतात की गावातले पुरुष ट्यूना माशांच्या मोठ्या जाळ्यांवर, ज्याला अल्मद्राबा म्हणतात, कामाला स्पेनभर आणि पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायचे, बेनिडॉर्मचे जाळं लावणारे नाखवा तर प्रसिद्धच होते, आणि ते सगळे घरी परतल्याशिवाय देवीचा उत्सव कसा करायचा?

ती जहाजाची गोष्ट दर वर्षी किनाऱ्यावर करून दाखवतात. पहिल्या वर्षी मी उशिरा पोचले, गर्दीच्या मागे उभी, काही दिसेना. मग शेजारच्या बाईंनी मला दंडाला धरून पुढे ढकललं, अगदी पहिल्या रांगेत, जिथे लहान मुलं वाळूत मांडी घालून बसलेली असतात. जहाज पेटलं तेव्हा ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास आला, उब गालाला जाणवली, आणि माझ्या पुढ्यातला पाच-सहा वर्षांचा मुलगा आजोबांना सारखं विचारत होता, आता सापडेल का, आता सापडेल का. त्याला गोष्ट पाठ होती, तरी विचारत होता. आपल्याकडे पोरं कीर्तनाला बसतात तेव्हा प्रल्हादाच्या खांबाच्या वेळी अशीच करतात ना. मूर्ती वर उचलली तेव्हा आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उत्सवात जुन्या गावातली बरीचशी दुकानं बंद असतात आणि सोमवारी तर सुट्टीच, तेव्हा दूध, ब्रेड, औषधं शनिवारी सकाळीच आणून ठेवा. दिवसा छान ऊन असतं, संध्याकाळी स्वेटर लागतो, एखादा पाऊसही येतो. मुलाला ट्रेन-टॅक्सीचं बघू दे, पण एकदा तरी बेनिडॉर्म ते अलिकांते ही ट्राम घ्या, सव्वा तास लागतो, समुद्राच्या कडेकडेनं जाते, काकूंना खिडकीजवळ बसवा. आणि उत्सव संपला की लगेच येणाऱ्या गुरुवारी ब्रिटिश टूरिस्ट हजारोंनी चित्रविचित्र वेष करून रस्त्यावर उतरतात, तो गावचा सण नाही, त्या दिवशी रात्री नव्या भागात खूप दारू आणि दंगा असतो, तुम्ही बुधवारी रात्रीपर्यंत सगळं बघून गुरुवारी निघालात तर उत्तम.

प्रश्न : मी शनिवार पेठेतल्या एका गणेश मंडळाचा कार्यकर्ता. तिथेही मंडळं असतात असं ऐकलं. वर्गणी कशी गोळा करतात, पैसा कुठून येतो, आणि आवाजाचं काय? आमच्याकडे दर वर्षी ढोल आणि स्पीकरवरून वाद होतात म्हणून विचारतो.

दादा, हा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण तिथे असताना मला पहिल्या दिवसापासून पेठेतलीच आठवण यायची.

तिथे पेन्या असतात. पेन्या म्हणजे मित्रमंडळींचा ग्रुप, शाळेतले दोस्त, एका गल्लीतले, एका कारखान्यातले, नुसत्या बायकांच्या, तीन पिढ्या एकाच पेन्यात असलेल्या. बेनिडॉर्मच्या उत्सवाचा कणाच तो. प्रत्येकीचं नाव, निशाण, एकसारखे स्वेटशर्ट, आणि उत्सवापुरती किंवा वर्षभर भाड्यानं घेतलेली एक जागा, गाळा म्हणा ना, जिथे पाच दिवस एकत्र जेवण, गाणी, पत्ते, पोरांचा धिंगाणा. आणि वर सगळ्या उत्सवाची एक समिती असते, तिच्या लोकांना मायोरालेस म्हणतात, वर्षभर तेच राबतात.

दारोदार वर्गणी मी पाहिली नाही. पेन्याचा खर्च पेन्याचेच सभासद आपापसात काढून भागवतात. मुख्य समितीला नगरपालिका पैसे देते, दुकानदार जाहिराती देतात, जेवणावळी ठेवून तिकिटं विकतात, आणि एक पद्धत मला फार आवडली ती नाताळच्या लॉटरीची. २२ डिसेंबरला स्पेनची मोठी सरकारी लॉटरी निघते, सगळा देश ती घेतो, तर समित्या आणि पेन्या एका नंबरची तिकिटं घेऊन त्याचे छोटे छोटे हिस्से करून विकतात आणि प्रत्येक हिश्श्यावर थोडे पैसे उत्सवासाठी जास्त घेतात. हे जास्तीचे पैसे किती ते त्या चिठ्ठीवर स्पष्ट छापलेलं असतं. इतके लॉटरीचे, इतके आमचे. म्हणजे देणाऱ्याला माहीत असतं आपण काय दिलं. लॉटरी आपल्याकडे नको, पण ते छापलेलं असणं आपल्या पावत्यांवर यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता आवाज. तुम्हाला वाटत असेल युरोप म्हणजे शांत, तर त्या किनाऱ्यावर तसं काही नाही. सकाळी सकाळी देस्पेर्ता असते, म्हणजे गल्लीगल्लीतून फटाके वाजवत आणि बँड घेऊन लोकांना उठवत जायचं, कोणी तक्रार करत नाही कारण त्या पाच दिवसांत झोप मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि दुपारी मस्क्लेता. हे समजून सांगणं अवघड आहे, ते ऐकायला लागतं. भर दुपारी, उन्हात, म्हणजे दिसायचा प्रश्नच नाही, दोरीवर टांगलेले शेकडो बॉम्ब असे क्रमानं उडवतात की त्याला ताल येतो. आधी विलंबित, एक इकडे एक तिकडे, मग लय वाढत जाते, मग जमिनीवरचे आणि आकाशातले एकत्र, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाला ते लोक भूकंप म्हणतात, तेव्हा बरगड्यांच्या आत हादरे बसतात. पाच-सात मिनिटांत खेळ खलास. मग लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाताना चर्चा काय, तर आज मधला भाग जरा तुटला, काल शेवट जास्त चढला होता. अगदी आपल्याकडे ताशाची तर्री ऐकून जाणकार मान हलवतात तशी. उडवणाऱ्या माणसाला ते कलाकारच मानतात. जूनमध्ये अलिकांते शहरात ओगेरास नावाच्या उत्सवाच्या दिवसांत लुसेरोस चौकात रोज दुपारी दोनला असते, तिथे बघा तर तोंड थोडं उघडं ठेवा, कानाला बरं पडतं असं तिथले लोक सांगतात, आणि लहान बाळ किंवा हृदयाचा त्रास असलेलं माणूस सोबत असेल तर दोन-तीन गल्ल्या लांब उभे राहा, हे मी काळजीनं सांगतेय.

वादाबद्दल म्हणाल तर फरक मला एवढाच दिसला, दोनला म्हणजे दोनला सुरू आणि दोन वाजून दहा मिनिटांनी शांत. मोठा आवाज आहे पण कधी येणार आणि कधी थांबणार ते शेजारच्या आजारी आजींनाही माहीत असतं. आमच्या घरमालकीण आजी पावणेदोनला खिडक्या उघडायच्या, काचा तडकू नयेत म्हणून, आणि मग कॉफी घेऊन बसायच्या. बारा-बारा तास स्पीकरची भिंत त्यांनी सहन केली असती असं वाटत नाही.

प्रश्न : ताई, मी रानडेला स्पॅनिश शिकते. आम्हाला वर्गात मोरोस इ क्रिस्तियानोसबद्दल सांगितलं, म्हणजे मूर मुसलमान आणि ख्रिश्चन यांच्या लढाईचा सण. ऐकून थोडं विचित्र वाटलं. मुसलमानांना हरवल्याचा आनंद आजही साजरा करायचा का? तुम्ही बघितलाय का?

बघितलाय, आणि बेनिडॉर्मपेक्षा शेजारच्या व्हियाखोयोसा गावी जास्त नीट बघितलाय, ट्रामनं अगदी जवळ आहे. बेनिडॉर्मलाही असतो, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुमारास. पण व्हियाखोयोसाचा समुद्रातला असतो.

आधी इतिहास थोडक्यात, तुला माहीत असेल तरी. ७११ पासून मूर स्पेनमध्ये आले, व्हॅलेन्सिया शहर १२३८ मध्ये राजा पहिला जाउमे यानं घेतलं, म्हणजे मधे पाचशे वर्षं गेली. पाचशे वर्षं म्हणजे कोणी पाहुणा राहत नाही गं. त्या भागातली गावांची नावं बघ, बेनिडॉर्म, बेनिसा, बेनिताचेल, यातलं बेनी हे अरबी आहे, अमक्याची मुलं, अमक्याचं घराणं. साखरेला असुकार, भाताला आर्रोस, पाटाच्या पाण्याला असेकिया, सगळे अरबीतून आलेले शब्द. आपण नाही का मराठीत कागद, वकील, हजर, मालक म्हणतो, तसंच. पुढे १६०९ मध्ये जे मूर ख्रिश्चन होऊन राहिले होते त्यांनाही देशाबाहेर काढलं, जहाजांत घालून आफ्रिकेला पाठवलं, गावंच्या गावं रिकामी झाली. सणात हे १६०९ कुठे दिसत नाही. मला ते खटकतं आणि तुझ्या वर्गात कोणी विचारलं तर हे नक्की सांग.

व्हियाखोयोसाचा सण मात्र वेगळ्या घटनेवर आहे. १५३८ मध्ये उत्तर आफ्रिकेकडच्या चाच्यांनी गावावर हल्ला केला, आणि गावची श्रद्धा अशी की सांता मार्ता या संत बाईनं नदीला पूर आणला आणि त्यांना हुसकावलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उत्सव असतो, आणि २८ जुलैला पहाटे, सूर्य उगवायच्या आत, मूर समुद्रातून येतात.

मी तो एकदा किनाऱ्यावर रात्र काढून बघितला. चारच्या सुमारास माणसं वाळूत चादरी अंथरून झोपलेली, थर्मासमधली कॉफी, थंडगार वाळू. मग पाण्यात दिवे दिसायला लागले, बोटी, आणि किनाऱ्यावरून बार, तिकडून बार, बारुदीचा धूर पाण्यावर पसरला आणि त्यातून माणसं मखमलीचे झगे, पगड्या, तलवारी घेऊन छातीभर पाण्यात उड्या मारत येत होती. किल्ला पडतो. मूर जिंकतात. दुपारनंतर ख्रिश्चन परत तो घेतात. पहाटेचं संपलं तेव्हा मी एका कट्ट्यावर बसले होते, तर शेजारी एक साठीचे मूर सरदार येऊन टेकले, त्यांनी टोकाला वळलेले सोनेरी जोडे काढले, दोन्हीतलं समुद्राचं पाणी ओतलं आणि जोडे भिंतीवर उन्हात पालथे घातले, अगदी नीट, एकाशेजारी एक. दुपारी परत लागणार होते ना.

आणि एक गंमत बघ, तिथे लोकांना मूर व्हायला जास्त आवडतं. कपडे मूरांचे भारी, संगीत मूरांचं भारी, त्या मिरवणुकीसाठी रचलेली खास संथ, डुलत चालायची मार्चची धून असते, बायका-पुरुष खांद्याला खांदा लावून एका ओळीत पावलापावलानं डुलत येतात की अंगावर काटा येतो. घराणी ठरलेली असतात, आजोबा मूर तर नातू मूर. त्यात द्वेष मला कुठे जाणवला नाही, आमच्या घरात मूर आहेत हे ते अभिमानानं सांगतात. तरी आमच्या खालच्या मजल्यावर एक मोरोक्कोचं कुटुंब होतं, त्यांची मुलगी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची आणि युनिफॉर्म घालून त्याच मिरवणुकीत चालायची, आई तिचा फोटो काढायला जायची, पण लढाईच्या दिवशी ती माउली घरीच थांबायची. मी कधी कारण विचारलं नाही. काही गावांत पूर्वी मूरांच्या बाजूचा एक मोठा पुतळा असायचा त्याला शेवटी उडवायचे, ते आता काही ठिकाणी लोकांनी आपणहून बंद केलंय, म्हणजे विचार तेही करतायत. तेव्हा साजरा करावा का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे, फक्त शाळेत मुलांना १६०९ पण शिकवावं.

बघायचाच असेल तर सगळ्यात जुन्यांपैकी एक आणि नावाजलेला डोंगरातल्या अल्कोय गावचा, साधारण २२ ते २४ एप्रिलच्या सुमारास, पण तुझी समुद्राची हौस असेल तर व्हियाखोयोसा.

प्रश्न : सान हुआनच्या, म्हणजे संत जॉनच्या रात्री समुद्रावर होळी पेटवतात म्हणे. आपल्या होळीशी काही संबंध?

थेट संबंध नाही, आपली फाल्गुनातली आणि त्यांची २३ जूनची, वर्षातल्या सगळ्यात लहान रात्रींपैकी एक, पण पेटलेल्या लाकडांभोवती बसलेली माणसं बघून घरची आठवण येणारच. जुनं सामान, शाळेच्या वह्या, चिठ्ठीवर लिहिलेली दुखणी असं सगळं आगीत टाकतात, मध्यरात्री समुद्रात जाऊन लाटांवरून उड्या मारतात, सात म्हणतात कोणी, कोणी नऊ, कोणी बारा. अलिकांते शहरात मात्र याच दिवसांत ओगेरास, १९२८ पासूनचा मोठा उत्सव, चौकाचौकात लाकूड, पुठ्ठा आणि कॉर्कचे दोन-तीन मजली पुतळे, पुढाऱ्यांची टिंगल, समाजावर टीका, आपल्या गणपतीच्या हलत्या देखाव्यांसारखे विषय, आणि २४ ला मध्यरात्री सांता बार्बरा किल्ल्यावरून आकाशात एक पांढरं ताडाचं झाड फुलतं, आतषबाजीचं, ते दिसलं की सगळे पेटवायचे. वर्षभराचं काम अर्ध्या तासात राख. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विसर्जनाला घशात येतं तसं आलं. आगीजवळच्या घरांवर बंबवाले पाणी मारत असतात, पब्लिक त्यांच्या नावानं ओरडतं आणि मग ते पब्लिकला धू धू धुतात. सिंथेटिक ओढणी, साडी असलं काही नेसून जाऊ नका. जीन्स आणि सुती शर्ट, बंद बूट. बाकी खाण्यात या दिवसाचं ठरलेलं म्हणजे ट्यूना भरलेला कोका, म्हणजे भाजलेली भरली रोटी, आणि नवे अंजीर. अंजीर खा, सासवडची आठवण येईल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. उत्सवात काय खायचं, आणि चर्चमध्ये आम्ही गेलो तर चालतं का? काही प्रसाद वगैरे देतात का? (सहकारनगरहून एका काकूंचा प्रश्न)

काकू, चर्चमध्ये खुशाल जा, कोणी अडवत नाही. खांदे झाकलेले असावेत, पुरुषांनी टोपी काढायची, प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसायचं, मधे उठून फोटो नाही. प्रार्थनेच्या शेवटी पाद्री जी पातळ पोळीसारखी चकती देतात ती घ्यायला मात्र रांगेत उभ्या राहू नका. तो आपल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही, त्यांच्या धर्मात दीक्षा घेतलेल्यांसाठीच असतो. आपल्याकडच्या एक-दोघींनी प्रेमानं हात पुढे केल्याचं मी बघितलंय आणि मग दोन्हीकडून अवघडलेपण झालं. फुलं द्यायची असतील तर ओफ्रेंदाच्या दिवशी बघा, पारंपरिक वेषात बायका, मुली, तान्ह्या पोरी, हातात गुच्छ घेऊन देवीला वाहायला जातात, जरीचे घागरे, नऊवारीच्या मिरवणुकीसारखं दिसतं सगळं. मिरवणूक चालू असताना ती मधूनच ओलांडू नका. आणि कोणीतरी देवीचं नाव घेऊन बीवा, म्हणजे जय असो, म्हणून ओरडलं की सगळे बीवा म्हणतात, त्यात तुम्ही आवाज मिसळलात तर शेजारचे खूश होतात, मोरया म्हणायची सवय आहेच आपल्याला.

खाण्याचं सांगते. भाजीचा पदार्थ म्हणून दिलेल्या ताटातही हॅमचे तुकडे किंवा मासा असतो, कारण तिकडे मांस म्हणजे मोठा तुकडा, बारीक चुरा मोजत नाहीत. म्हणून नुसतं शाकाहारी म्हणू नका, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, म्हणजे मांस नको, मासा नको, हॅम नको, असं तिन्ही म्हणा. टोमॅटो चोळलेला ब्रेड, पिस्तो म्हणजे आपल्या मिश्र भाजीसारखं, गाजपाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, तळलेले चुर्रो आणि घट्ट चॉकलेट, हे बिनधास्त. ओर्चाता नक्की प्या, चुफा नावाच्या गड्ड्याचं गार सरबत असतं, दिसायला दुधासारखं पण दूध नाही, उपासाच्या थालीपिठाबरोबर काय मस्त लागेल असं मला नेहमी वाटायचं. आणि नाताळच्या आधी तुर्रोन, बदाम आणि मधाची चिक्की म्हणा, एक कडक अलिकांतेची आणि एक मऊ खिखोना गावची, तीही तिथून जवळच. अंडं चालत नसेल तर मात्र विचारून घ्या, दोन्हीत अंड्यातलं पांढरं असतं.

जेवण दुपारी दोन-अडीचला, रात्री नऊच्या पुढे. सातला जेवायची सवय असेल तर पर्समध्ये चिवडा ठेवाच.

प्रश्न : ३१ डिसेंबरला बारा द्राक्षं खातात ती रीत कशी, आम्हाला इथे सोसायटीत करायचीय.

करा, पोरांना फार मजा येते. घड्याळाच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं, एका ठोक्याला एक. साधारण तीन सेकंदांना एक ठोका पडतो, म्हणून छोटी, बिनबियांची, पिकलेली घ्या, आपली नारायणगावची थॉमसन मिळाली तर त्याहून बरं काही नाही, पण डिसेंबरअखेर आंबट असतील तर आधी चाखून घ्या. टीव्हीवर माद्रिदच्या पुएर्ता देल सोलचं घड्याळ बघून केलंत तर आधी चार वेळा पाव तासाचे टोल पडतात, त्याला खायला सुरुवात करायची नाही, तिथले लोकही दर वर्षी त्यात फसतात. लोक सांगतात की १९०९ मध्ये अलिकांतेकडच्या बागाईतदारांकडे पीक जास्त आलं म्हणून ही प्रथा निघाली, पण त्याच्या आधीच्या माद्रिदच्या वर्तमानपत्रांतही तिचा उल्लेख आहे, तेव्हा १९०९ नंतर ती पसरली एवढंच म्हणावं. अलिकांतेच्या मागच्या विनालोपो खोऱ्यात घड झाडावरच कागदी पिशव्यांत बांधून ठेवतात, म्हणून ती डिसेंबरपर्यंत टिकतात, हे आपल्याकडच्या बागाईतदारांना सांगण्यासारखं.

बाराच्या बारा एकदम तोंडात कोंबायला लहान मुलांना आणि वयस्करांना देऊ नका, घास अडकतो. त्यांच्यासाठी प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करून ठेवा.

प्रश्न : तिथे कोणाच्या घरी बोलावलं तर पुण्याहून काय न्यावं? पेढे चालतील का?

पेढे, बर्फी, खवा, चीज, काहीच नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो. बाकरवडी न्या. घरी केलेली शंकरपाळी तुपातली असतील तर तीही नको, तेलातली चालतील. दिलेली भेट ते लोक तुमच्यासमोरच लगेच उघडतात, त्यात हावरेपणा नसतो, तीच रीत आहे, उघडून कौतुक करायचं. आजींकडे मी पहिल्यांदा बाकरवडी नेली तेव्हा त्यांनी पुडा तिथेच फोडला, सगळ्यांना एक एक वाटली आणि माझ्याकडे बघत थांबल्या. मला कळेना. मग लक्षात आलं, त्या मी आधी खायची वाट बघत होत्या, कसं खायचं ते बघायला. तेव्हा आधी तुम्ही एक तोंडात टाका, तिखट आहे ते सांगा, आणि पाण्याचा जग जवळ आहे ना तेवढं बघा.